मामी हसली तो फोटो

नाशिक, दिवाळीच्या अलीकडे

आमच्या घरात जुना अल्बम काढला की सगळे आधी मला शोधतात. मी सापडते ती अशी: एक पुसट हात, अर्धी वेणी, नाहीतर चौकटीबाहेर निघालेली पाठ. फोटोग्राफर 'रेडी' म्हणेपर्यंत मी नीट उभी असते. बटण दाबायच्या वेळेलाच मला गॅसवरचं दूध आठवतं. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेव प्रत्येक फोटोत ठळक आहे आणि त्याच्या शेजारी हिरव्या शालूतलं काहीतरी हललेलं आहे.

अशा बाईनं पन्नाशी उलटल्यावर फोटोग्राफीचा क्लास लावला. त्याला कारण आमची लेक. ती नोकरीला बंगळुरूला गेली आणि जाताना तिचा जुना कॅमेरा माझ्या गळ्यात घालून गेली. "आई, तू दिवसभर घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेस. निदान कॅमेरा घेऊन घाल."

क्लासचे सर माझ्या भाच्याच्या वयाचे. पहिला महिनाभर माझ्या प्रत्येक फोटोवर त्यांचा एकच शेरा: "ताई, कॅमेरा हललाय." मग एकदा त्यांनी सांगितलं की पुढच्या वेळी प्रत्येकानं एक फोटो आणायचा. ज्याच्यामुळे आपल्याला कॅमेरा हातात घ्यावासा वाटला, तो. आणि कोण कुठे बघतंय, इथपासून तो सगळ्यांना समजावून सांगायचा.

एका निवृत्त इंजिनिअरनी बर्फाच्या शिखराचं कॅलेंडर आणलं. ते स्वतः सापुताऱ्याच्या पलीकडे गेलेले नाहीत. एका मुलीनं वाघाचे डोळे आणले. एक दातांचे डॉक्टर आईच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेऊन आले. म्हणाले, "ती गेल्यावर हार घालायला फोटो शोधला, तर हा एकच निघाला. तोही वाईट. म्हणून म्हटलं, शिकावं." मला वाटतं, नवशिक्याला फोटो चांगला आहे की वाईट हे कळतच नसतं. त्याला त्यातलं माणूस पुन्हा एकदा बघायचं असतं, एवढंच.

मी नेला तो आमच्या कोल्हापूरच्या मामीचा. माझ्या वडिलांनी काढलेला, मी सात-आठ वर्षांची असतानाचा. त्याच्या डाव्या कडेला मोटारसायकलचं मागचं चाक. मधोमध समोरून पळत येणारी एक म्हैस, कपाळावर मोरपिसांचा तुरा, चारही पाय जमिनीवरून सुटलेले. आणि उजव्या कडेला अर्धवट कापलेली मामी: डोक्यावर पदर, एक हात वर, डोळे बारीक आणि तोंड हे एवढं उघडं. तिच्यामागे हललेलं एक ढोपर दिसतं, ते माझं.

आमच्या घरात तो 'मामी हसली तो फोटो' म्हणून प्रसिद्ध आहे. कारण मामी हसत नाही. रागीट नाही, पण हसतही नाही. लग्नात नाही, बारशात नाही, मामा शंकरपाळ्यांच्या डब्यावर बसला तेव्हाही नाही. लहानपणापासून मी तो फोटो बघत आले, आणि मला वाटायचं, असं काय घडलं असेल त्या क्षणाला? आपण तेव्हा तिथे होतो आणि नेमकं भलतीकडे बघत होतो!

सरांनी विचारलंच. "ताई, या इतक्या का हसतायत?"

"माहीत नाही."

"मग जाऊन विचारा. आणि त्याच जागी उभं राहून एक फोटो काढून आणा. जुन्याला उत्तर म्हणून."

त्याच आठवड्यात मामाचा फोन आला. "नंदे, यंदा पाडव्याला यायचं बघ. हरणीचा शेवटचा पळ हाय. पाडवा झाला की तिला वडगावच्या पावण्याला देणार."

हरणी ही म्हैस आहे, हे सांगायला हवं. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवून पळवतात. मालक मोटारसायकलवरून पुढे हाका मारत जातो आणि म्हैस त्याच्यामागे धावते. दोर नाही, काठी नाही, नुसत्या हाकेवर. ज्याची म्हैस चांगली पळते तो वर्षभर गल्लीत मान वर करून चालतो. फोटोतली ती हरणीची आजी का पणजी.

मी बॅग भरायला घेतली. आमचे हे म्हणाले, "म्हशीच्या फोटोसाठी कोल्हापूर? नाशकातल्या म्हशी संपल्या का?"

कसबा बावडा

रात्रभराच्या बसबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मी झोपले नाही आणि शेजारणीलाही झोपू दिलं नाही. उतरले तेव्हा कारखान्याचं धुराडं नुकतंच पेटलं होतं आणि उसाच्या रसाचा तो गोडसर, जड वास सगळ्या बावड्यावर पसरला होता. बाकी मात्र ओळखू येईना. मामाच्या घराच्या दोन्ही अंगांना उंच इमारती, आणि त्यांच्या मधल्या फटीत, कुणी विसरून गेल्यासारखा, मामाचा गोठा. वरच्या बाल्कनीत एका बाईनं टॉवेल वाळत घातला आणि नाकाला रुमाल लावून आत गेली.

"आलीस व्हय गं! वाळलीस की!" मामा दारातूनच ओरडला. मला 'वाळलीस' म्हणणारा हा एकच माणूस आता उरला आहे, म्हणून मी त्याच्याकडे जाते. सत्तरी ओलांडली तरी मामाचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे जातो. गल्ली त्याला आप्पा म्हणते.

मामी आतून आली. तशीच उंच, सरळ, कोरडी. "चूळ भर. खा." मी चूळ भरली आणि खाल्लं. चकली, कडबोळी, तिखट चिवडा, वर परत चकली. नाशिकला पाहुण्याला 'घ्या ना' म्हणतात आणि तो 'नको' म्हणतो. इथे ताटलीवर हात आडवा धरला, तर हातावर वाढतात.

माझ्याच्यानं कुठला दम निघतोय! तोंडातली चकली संपायच्या आत मी फ्रेम काढून मामीपुढे धरली. "मामी, खरं सांगा, तेव्हा का हसलात?"

तिनं फोटो हातभर लांब धरला. मग जवळ घेतला. "मी? मी कवा हसलो?"

कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल 'आलो, गेलो, बसलो' असंच बोलतात. माझ्या लग्नात आमच्या सासूबाई मामीशी बोलताना सारखं मागे वळून मामाला शोधत होत्या.

"हे काय! एवढं तोंड उघडलंय!"

"तोंड हसायलाच उघडतंय व्हय माणूस?" तिनं फ्रेम उलटी करून फळीवर ठेवली. "जा, आंघोळ कर. अंगाला बसचा वास मारतोय." विषय संपला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कॅमेरा घेऊन गोठ्यात गेले. मामी धार काढायला बसली होती. मामा आत आला, "काय म्हंतीया आमची हरणी?" म्हणाला, तिच्या पाठीवर थाप मारून गेला. हरणी रवंथ करत राहिली. तेवढ्यात मामी खोकली, आणि हरणीचे दोन्ही कान एकदम तिच्याकडे वळले. हे मी बघितलं, पण मनावर घेतलं नाही. मी तेव्हा कॅमेऱ्याची टोपी शोधत होते. ती माझ्याच तोंडात होती.

मामीनं धारेचा पेला तसाच माझ्या हातात दिला. कोमट, फेसाळ. आमच्याकडे दूध पिशवीतून येतं आणि उकळल्याशिवाय त्याला कुणी तोंड लावत नाही. इथे ते म्हशीतून पेल्यात आणि पेल्यातून पोटात. माझ्या ओठांवर फेसाची मिशी आली. मला वाटलं, आता तरी मामी हसेल. ती म्हणाली, "तोंड पूस."

दीपक, माझा मामेभाऊ, एमआयडीसीत नोकरीला आहे. त्यानं मला मिसळ खायला नेलं. नाशिकची मिसळ पाव, पापड, दही घेऊन बैठक मांडून बसते. इथली नुसती लाल पडते आणि बाजूला पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस. दुसऱ्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली. त्या वाफेतच दीपकनं सगळं सांगितलं. बिल्डिंगवाल्यांच्या वासाच्या तक्रारी. मामाला आता वैरण उचलवत नाही. गोठा पाडून तिथे दोन खोल्या काढायच्या. वडगावचा पाहुणा पाडव्याला पळ बघायला येणार, म्हैस पळाली की व्यवहार पक्का.

"आणि मामी काय म्हणतात?"

"आई काय म्हणणार? तिचाच तरास कमी हुतोय की."

"विचारलंस का तिला?"

दीपकनं माझ्याकडे बघितलं, मग कटाच्या भांड्याकडे. "ए, जरा रस्सा आण की रं!" म्हणून ओरडला.

जोतिबा

पाडव्याच्या आदल्या दिवशी मामी म्हणाली, "जोतिबाला जाऊन येऊ." दीपकनं आम्हाला डोंगरावर सोडलं. देऊळ खोलगट जागेत आहे, त्यामुळे तिथे पायऱ्या चढून नाही, उतरून जायचं असतं. दोन्ही बाजूंना दुकानं, खोबऱ्याच्या वाट्या, गुलालाचे ढीग. पायाखालच्या फरशा गुलाबी, भिंती गुलाबी, कुत्रीसुद्धा गुलाबी.

मामी पुढे, मी मागे. ती त्या दगडी पायऱ्या अशी उतरत होती की पदर मागे उडत होता. मी दर चार पायऱ्यांना 'थांबा, एक फोटो' म्हणत होते. फोटोचं निमित्त होतं, दम लागला होता.

देवळासमोर 'चांगभलं'चा गजर उठला आणि कुणीतरी ओंजळभर गुलाल उधळला. मी नेमकी त्याच वेळी कॅमेरा वर करून उभी. गुलाल माझ्या डोळ्यांत, केसांत आणि मुख्य म्हणजे भिंगावर. मी घाबरून पुसायला गेले ते ओल्या रुमालानं, त्यामुळे त्याचा लगदा झाला. एका दुकानदारानं आपला पंचा पुढे केला. "द्या हिकडं ताई, आत्ता लख्ख करतो." त्या पंचानं सकाळपासून दुकानातला सगळा गुलाल पुसला होता. कॅमेरा परत आला तेव्हा भिंगातून सगळं जग स्ट्रॉबेरीच्या दुधात बुडवल्यासारखं दिसत होतं.

"देवाची किरपा समजा," दुकानदार म्हणाला.

मामी गाभाऱ्यातून आली. मी विचारलं, "काय मागितलंत?"

"मागितलं न्हाय. सांगितलं."

"काय सांगितलं?"

"ते त्याला सांगितलं, तुला न्हाय." आणि त्याच झपाट्यानं पायऱ्या चढून ती वर गेली. मी मध्ये दोनदा बसले.

पाडवा

सकाळी हरणीला पंचगंगेवर धुऊन आणली. अंगावरचे केस भादरून पाठीवर नक्षी काढलेली, तेलानं ती चकाकत होती. शिंगांना लाल-निळा रंग, गळ्यात कवड्यांची माळ, पायांत घुंगरू, कपाळावर मोरपिसांचा तुरा. माझ्या लग्नात मी इतकी नटले नव्हते, आणि इतकी शांत तर नव्हतेच. हे सगळं मामीनं केलं. तुरा बांधताना तिचा हात हरणीच्या कपाळावर जरा जास्तच वेळ राहिला.

वडगावचे पावणं आले. फेटेवाले, मिशीवाले, आडव्या अंगाचे गृहस्थ. त्यांनी हरणीच्या भोवती एक फेरी मारली. "देखणी हाय. पळतीया का पण?"

"पळतीया?" मामा म्हणाला. "माझ्या हाकंवर ही पार पन्हाळ्यापतोर येईल!"

निघायच्या वेळेला मामी ओसरीवर बसूनच राहिली.

"चल की गं," मामा म्हणाला.

"गुडघा धरलाय. तुमी व्हा पुढं. मी घरीच बसतो."

मामानं 'बरं' म्हटलं आणि निघाला. मी मात्र तिच्या गुडघ्याकडे बघत राहिले. काल जोतिबाच्या पायऱ्यांवर हा गुडघा माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या पुढे होता. पण मला वेळ नव्हता. मला वडिलांची जागा गाठायची होती. दीपकच्या बायकोची स्कूटी घेऊन मी सुटले.

जागा सापडली: गल्लीच्या शेवटाला, पिंपळाच्या पाराजवळ. जुना फोटो मी मोबाइलमध्ये घेतला होता. तो बघून दोन पावलं मागे गेले, एक डावीकडे, परत उजवीकडे. पारावरचे म्हातारे म्हणाले, "बाई, काय हरवलंय काय?" त्या गुलाबी भिंगातून एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. गल्लीच्या दोन्ही बाजूंना ही गर्दी, हलगी कडकडतेय, पोरं फटाके लावतायत.

एकेक म्हैस गेली. सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचा फाडफाड आवाज, मागून घुंगरांचा पाऊस. मग मामा आला. गाडी दीपक चालवत होता आणि मामा मागे उलटा, म्हशीकडे तोंड करून बसलेला, हातात लाल फडकं. "हरणेऽ! हो हो हो! चल गं माझ्या राणी!" हरणी त्याच्यामागे दुडक्या चालीनं येत होती.

आणि गल्लीच्या मध्यावर ती थांबली.

गाडी पुढे गेली. मामा फडकं हलवतोय, ओरडतोय, आणि त्याच्यात आणि म्हशीत अंतर वाढत चाललंय. दीपकनं ब्रेक मारला. हरणीनं मान उचलून पाराकडे बघितलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. जणू काही कुणाचा पत्ता शोधतेय.

"आप्पाऽ, म्हस ऱ्हायली मागं! तुमीच पळताय!"

"आप्पा, तुमी उतरा! तिला बसवा गाडीवर!"

हशा पिकला. मामा खाली उतरला. हाका मारून आवाज बसला. वडगावचे पावणं मिशीवरून हात फिरवत उभे. मामाच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, म्हणून मी मोबाइलमध्ये तोंड घातलं. जुना फोटो उघडाच होता. काहीतरी चाळा हवा म्हणून मी तो दोन बोटांनी मोठा केला.

कोण कुठे बघतंय, सर म्हणतात. म्हशीचे डोळे मोटारसायकलवर नव्हतेच. ते थेट उजवीकडे, मामीवर होते. आणि मामीचे डोळे म्हशीवर. वर केलेला हात. उघडं तोंड.

इतकी वर्षं भिंतीवर लावलेला फोटो, आणि आम्ही सगळे त्यात एक हसणारी बाई बघत आलो. मामी हसत नव्हती. ती हाक मारत होती.

मी स्कूटीवर बसले ती घराच्या दारातच उतरले. मामी ओसरीवर तशीच, हात मांडीवर.

"मामी, हरणी थांबलीय."

"थांबणारच."

"तुम्हाला माहीत होतं? दर वर्षी पाराजवळ तुम्हीच—"

"मग? रोज पोटाशी बसून धार मी काढतो. वळखणार कुणाला, फडक्याला?"

"मग मामाला कधी सांगितलं का नाहीत?"

"त्यास्नी वाटतंय न्हवं त्यांच्या मागं पळतीया? वाटू दे की. काय बिघाडतंय त्यानं?" ती माझ्याकडे वळली. "आता तूच सांग, शिकलीयास न्हवं. बोलावली तर पळंल. पळली की पावणं घिऊन जाईल. न बोलावली तर ह्यांची भर गल्लीत शोभा. काय करू?"

मी उगाच चपलेनं जमीन उकरत राहिले. तेवढ्यात गल्लीतून पुन्हा हशाचा लोट आला, आणि त्यात 'आप्पाऽऽ' अशी लांबवलेली आरोळी.

मामी उठली. पदर खोचला. "माझ्या माणसाला हसायचं असंल तर मी हसीन. गल्लीनं न्हाय हसायचं. काढ गाडी."

पाराजवळ आलो. मी स्कूटीचं स्टँड लावायला गेले, ते सापडेना. मामी मागून उतरली, तशी गाडी एकीकडे कलली आणि मी ती दोन्ही हातांनी धरून लटकले. मामी पाराच्या कडेला उभी राहिली. एक हात वर गेला. डोळे बारीक झाले. तोंड हे एवढं उघडलं.

"एऽऽ हरणेऽऽ! ये गं माझ्या बायऽऽ!"

तोच फोटो. तीच जागा, तोच हात, फक्त केस पांढरे. वडिलांच्या जागी मी उभी, गळ्यात कॅमेरा आणि दोन्ही हातांत स्कूटी. ज्याच्यासाठी आले होते तो फोटो माझ्या डोळ्यांदेखत होऊन गेला.

हरणी उधळली. घुंगरं, कवड्या, मोरपिसं, सगळं एकदम. मामानं तिला येताना बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "आली! आली बघा!" त्यानं दोन्ही हात पसरले. ती त्याला वळसा घालून सरळ पुढे गेली, आणि मामीपाशी येऊन थांबली. नाक थेट पदरात. मोरपिसांचा तुरा मामीच्या नाकात, तोंडात, डोळ्यांत. मामी "अगं, अगं, व्हय मागं" म्हणत तिला ढकलतेय आणि ती आणखी शिरतेय.

आणि मामी हसली. आवाजासकट. खांदे हलवून, डोळे मिटून.

मी स्कूटी सोडून दिली. ती धाडकन पडली. एक फोटो काढला. एकच, कारण दुसऱ्या वेळी माझेच डोळे भरून आले आणि आधीच गुलाबी असलेलं भिंग पार वाहून गेलं.

वडगावचे पावणं पुढे आले. हरणीकडे बघितलं, मामीकडे बघितलं, मग मामाकडे वळून हात जोडले. "आप्पा, म्हस एक लंबर हाय. पण ती तुमची न्हाय, वैनींची हाय. मी नेली तर वैनींना बी न्यावं लागंल, आणि आमच्या घरात हाय एक, ती ऐकायची न्हाय. येतो मी."

गल्ली पुन्हा हसली. या वेळी मामाही हसला, जरा उशिरा.

रात्री ताटावर मामा नुसता भात कालवत बसला. मग भाताकडे बघत म्हणाला, "दर वर्षी तूच बोलवायचीस व्हय?"

"आमटी घ्या."

"सांगायचंस की."

"घ्या आमटी."

मामानं आमटी घेतली. "गोठ्याचं बघू मग. पुढच्या दिवाळीला."

"बघू," मामी म्हणाली. "मला इचारून बघू."

दीपक म्हणाला, "खोल्या वरच्या अंगाला काढता येतील तशा." आणि न मागता आईच्या ताटात भाकरी मोडून वाढायला लागला.

परत नाशिक

क्लासमध्ये सरांनी दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले. एकात हात वर केलेली मामी. दुसऱ्यात मोरपिसांत बुडालेली, डोळे मिटलेली, तोंड उघडं असलेली मामी, आणि सगळ्यावर एक गुलाबी धुकं. कोपऱ्यात पडलेल्या स्कूटीचं चाक.

"ताई," सर म्हणाले, "कॅमेरा हललाय."

"या वेळी मी हलले नव्हते, सर. ती हसत होती."

पण ते माझं बोलणं कुणी ऐकलंच नाही, कारण सगळे पडद्याकडे बघून बोलायला लागले होते. जुन्यात किती मोकळं हसतायत, वाघाचे डोळे आणणारी मुलगी म्हणाली. बर्फाच्या शिखरवाले इंजिनिअर म्हणाले, नव्यात मात्र वेगळं दिसतंय. ओरडतायत की काय? दातांचे डॉक्टर उठून पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि नव्या फोटोतल्या मामीच्या तोंडाकडे, सवयीनं असेल, बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"या कुणाला हाक मारतायत हो?"

मी सांगायला तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. सरांकडे बघितलं.

"जाऊन विचारा," मी म्हटलं. "पत्ता देते. फक्त पाडव्याला जा, आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहू नका."